बिननारळाचा क्रँक

क्रँक निवडताना शेजाऱ्यांचा सल्ला घेऊ नये, असं मी कोणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. अडचण एवढीच, की वर्ध्याला आमच्या मोहल्ल्यात सल्ला घ्यावा लागत नाही. तो दूधवाल्याच्याही आधी दारात येऊन उभा राहतो. मी मोटरसायकलचं इंजिन अंगणात पोत्यावर उघडून ठेवलं, त्याला पाच मिनिटंही झाली नसतील, तर कुंपणापलीकडून भैयाजी म्हणाले, "श्रावणबाबू, याची आतडी बाहेर काहाडली काऊन?"

आधी क्रँक म्हणजे काय ते सांगून टाकतो. क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटातला वाकडा दांडा, दोन्ही बाजूंना लोखंडाच्या जाड चकत्या असलेला. पिस्टन बिचारा नुसता वर जातो आणि खाली येतो. त्या वर-खालीचं गोल-गोल करायचं काम क्रँक करतो. आमच्या कचेरीतही फायली वर-खाली जातात आणि हेडक्लार्क त्यांना गोल-गोल फिरवतो. फरक एवढाच, की क्रँकमुळे गाडी पुढे जाते.

माझी गाडी मिलिटरीने लढाई संपल्यावर लिलावात काढलेली, आणि तिचा क्रँक झिजून खुळखुळ्यासारखा वाजत होता. एके संध्याकाळी कापसाच्या बाजारासमोर, बैलबंड्यांच्या ऐन गर्दीत ती बंद पडली. मी उतरून किका मारत होतो. अकरा झाल्या. तेवढ्यात कापसाची सरकी काढणाऱ्या जिनवाल्या शेटजींचा मुलगा ओमप्रकाश आपल्या नव्याकोऱ्या विलायती मोटरसायकलवरून तिथे आला, थांबला, आणि शंभर माणसांच्या देखत म्हणाला, "बाबूजी, इसको बैल लगाओ. बैल ही खींचेंगे."

सरकारी नोकराने रागावू नये असा नियम आहे, पण तो कचेरीच्या वेळेपुरता. तेव्हा साडेसहा वाजले होते. मी म्हणालो, "माघात आंजीचा पट आहे. तिथे ये. बैलांच्याच वाटेवर तुला दाखवतो."

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची सरळ रेषेतली शर्यत. वळण नाही, फेरा नाही. झेंडा पडला की सुटायचं आणि सातशे हातांवरची चुन्याची रेघ आधी कोण ओलांडतो ते बघायचं. आंजी मोठी माझं जन्मगाव. तिथला पट लहानपणी मी नाल्यापलीकडून बघितला, कारण आमच्या लोकांनी त्या दिवशी नाला ओलांडायचा नाही असा रिवाज होता. तिथून धूळ तेवढी दिसायची. कोणाची जोडी जिंकली हे दुसऱ्या दिवशी कळायचं, तेही कोणी सांगायच्या मनःस्थितीत असेल तर. आता सन अठ्ठावन्न लागलं होतं, मी जिल्हा कचेरीत क्लार्क होतो आणि नाला ओलांडायला मला कोणाचाही सल्ला नको होता.

सल्ला आला तो वेगळाच. शेजारच्या चतुराबाई मनाने फार चांगल्या. आमच्याकडे कोणी शिंकलं तरी काढा घेऊन येतात. त्या उघडं इंजिन बघून घरात गेल्या आणि एक लिंबू, सात मिरच्या आणि एक नारळ घेऊन परत आल्या.

"बाबू, इंजिन उघडलं तं नारय फोडा आधी. लोखंडाले लवकर नजर लागते."

आता मी आणि माझी बायको कांता दोन दसऱ्यांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो होतो. त्या दिवसापासून आमच्या घरात नारळ फुटतो तो फक्त खाण्यासाठी. हे चतुराबाईंना माहीत होतं, पण त्यांचं म्हणणं असं, की धर्म माणसाने बदलला आहे, मोटरसायकलने नाही. मी शांतपणे सांगितलं, "चतुराबाई, नारळ फोडणार नाही आणि लिंबूही बांधणार नाही. गाडी क्रँकवर चालते."

"मंग हारसान तं सांगतलं नाई म्हनू नोका," त्या म्हणाल्या आणि नारळ घेऊन गेल्या.

संध्याकाळपर्यंत ही बातमी पानठेल्यावरून कचेरीत आणि कचेरीतून स्टेशनापर्यंत गेली. श्रावणबाबूने नारळ फोडला नाही, म्हणजे श्रावणबाबू हरणार. माझ्या साहेबांनी सहीसाठी कागद घेता घेता मला विचारलं, "फोडून टाकायला काय हरकत आहे?" मग माझ्या लक्षात आलं की प्रकरण फार पुढे गेलंय. मी हरलो तर ओमप्रकाश जिंकणार नव्हता, नारळ जिंकणार होता. आणि तो मग माझ्या एकट्याच्या डोक्यावर फुटणार नव्हता. माझ्याबरोबर दीक्षा घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाला जन्मभर सांगितलं जाणार होतं, पाहा, श्रावणबाबूचं काय झालं.

कांताने सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजे आता तुमाले हारताच येत नाई. बसा."

तेव्हा क्रँक चांगलाच हवा होता.

भैयाजी पिपरीला वांगी आणि टमाटर पिकवतात. पण त्यांच्या तरुणपणी त्यांची बैलजोडी साऱ्या तालुक्यात गाजलेली होती आणि पळणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द आपलाच, अशी त्यांची समजूत आहे. त्यांनी माझा जुना क्रँक हातात घेतला, उलटा केला, त्याच्याकडे एक डोळा मिटून बघितलं.

"पटाचा बैल पाह्यची रीत असते बाबू. छाती रुंद पायजे, कमर बारीक पायजे, अन् शेपूट पाह्यचं."

"भैयाजी, क्रँकला शेपूट नसतं."

"नसते कसं? हे काय हाय?" त्यांनी चकतीतून बाहेर आलेल्या दांड्यावर बोट ठेवलं.  यावरचं उत्तर मला रात्री सुचलं, पण तेव्हा भैयाजी झोपले होते.

मी ठरवलं होतं की निवड शास्त्राप्रमाणे करायची. गाडीबरोबर मिलिटरीचं एक पुस्तक आलं होतं, ते मी वाचून काढलं. त्याचं सार असं: चकत्या जड असतील तर इंजिन सावकाश पण गंभीरपणे चालतं, हलक्या असतील तर चटकन उसळतं आणि चटकन रुसतं. दोन चकत्यांना जोडणारी खुंटी चकतीच्या मध्यापासून जितकी दूर, तितका धक्का मोठा. मी फूलस्केप कागदावर तीन रकाने आखले, वर 'विषय' लिहिलं, खाली 'शेरा' लिहिलं, आणि रविवारी नागपूरला भंगार बाजारात गेलो. भैयाजी बरोबर आले. मी त्यांना बोलावलं नव्हतं, पण ते स्टेशनावर माझ्या आधी हजर होते.

भंगारवाल्याने तीन क्रँक समोर मांडले. मी रकाने भरत होतो, तेवढ्यात भैयाजींनी गुरांच्या बाजारातल्या रिवाजाप्रमाणे खांद्यावरचा दुपट्टा भंगारवाल्याच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्याची बोटं दाबायला सुरुवात केली. आपल्याकडे बैलाचा भाव असाच ठरतो, बाजूच्याला कळू नये म्हणून. पण भंगारवाला शहरातला. त्याने हात ओढून घेतला आणि ओरडला, "ये क्या कर रहे हो चाचा?" चारदोन दुकानदार जमले. मी सरकारी नोकर आहे असं मला तिथे तीन वेळा सांगावं लागलं आणि दर वेळी गर्दी वाढत गेली.

या गडबडीत मी निवड केली. खरं सांगायचं तर माझे रकाने अर्धे कोरेच होते. पण तिन्हींतल्या एका क्रँकवर मुकुटाचा शिक्का होता, नंबर होता आणि कोण्या गोऱ्या तपासनिसाची बारीक आद्याक्षरंही होती. तो तेलकट कागदात गुंडाळलेला होता आणि कागदावरही शिक्का होता. चौदा वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? मी तो छातीशी धरून वर्ध्याला आलो.

तो माझ्या इंजिनात बसेना. एका बाजूने बसवला की दुसऱ्या बाजूने अर्धं बोट बाहेर यायचा. दोन दिवस मी त्याच्याशी झगडलो. कानसही मारून पाहिली. शेवटी खुशाल मिस्त्रीला बोलावलं.

खुशाल आमच्यातलाच. दीक्षेला आम्ही एकाच डब्यातून गेलो होतो. एका जिनात फिटर होता. ते जिन बंद पडल्यावर त्याने रेल्वेफाटकापलीकडे टिनाच्या शेडमध्ये लोखंड कातायची स्वतःची खराद मशीन मांडली. त्याला मी आधी का बोलावलं नाही, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो त्याच्याही मनात आला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. खुशालने तो शिक्क्याचा क्रँक हातात घेतला आणि जमिनीवर ठेवला.

"बाबू, हे मोटरसायकलचं नाई. मिलिटरीच्या छावणीत दिवे लावाच्या इंजिनचं हाय."

"पण त्यावर शिक्का आहे!"

"शिक्का खरा हाय," खुशाल म्हणाला. "इंजिन दुसरं हाय."

कांता दारात उभी होती. ती म्हणाली, "तुमाले लिंबू चालत नाई, नारय चालत नाई. पन शिक्का पाह्यला की हात जुडते." मला हे फार लागलं. मी तिच्याशी दीड दिवस बोललो नाही, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी मान खाली घालून खुशालच्या शेडमध्ये गेलो. त्याने मला रकाने, पुस्तक, काही विचारलं नाही. बंद पडलेल्या जिनाच्या भंगारातून घेतलेले पोलादाचे चार तुकडे त्याने साखळीला टांगले आणि एकेकावर हातोडी मारून कान लावला. तीन बद्द वाजले. चौथा वाजला तो वाजतच राहिला.

"हे घेऊ," तो म्हणाला. "पोलाद कागद वाचून नाई घेत, ऐकून घेत असते. आता तुमी सांगा, किती पयाचं हाय?"

"सातशे हात."

"म्हंजे दूर जाचं नाई. पह्यला झटका मोठा पायजे. खुंटी बाहेर सरकवतो अन् चकत्या हलक्या करतो. पन मंग गाडी जागेवरून उसयन. धरून बसजा."

क्रँक तयार व्हायला सोळा दिवस लागले. मी रोज कचेरी सुटल्यावर तिथे जाऊन बसायचो आणि सूचना करायचो. सहाव्या दिवशी खुशालने मला एक झाडू दिला. तेव्हापासून मी लोखंडाचा कीस झाडायचो, आणि काम बरंच वेगाने झालं. क्रँक घरी आला तेव्हा भैयाजींनी तो उचलून सगळीकडून बघितला. "छाती रुंद, कमर बारीक," ते म्हणाले. "मी हेच सांगतलं होतं का नाई?" दुर्दैवाने ते खरं होतं.

आता परवानगी राहिली होती. आंजीच्या पोलिसपाटलाने सांगितलं की मोटारींची शर्यत असेल तर गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या नागपूरच्या ऑफिसचा कागद लागेल. त्या ऑफिसने सांगितलं की नोंदीचं मूळ पाहिजे. माझ्या गाडीची नोंद झाली तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. मग सरकारने आपल्याला उचलून मुंबई राज्यात ठेवलं. गाडी वर्ध्यातच उभी होती, मीही वर्ध्यातच होतो, पण फाइल भोपाळला निघून गेली. ती परत मागवायला मुंबईहून पत्र जायला हवं होतं, आणि मुंबईला ही गाडी आपली आहे हेच अजून मान्य नव्हतं.

त्यातून मी प्रामाणिकपणे क्रँक बदलल्याचं लिहून दिलं. तिथला क्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाला, "नव्या क्रँकवर नंबर आहे? शिक्का?"

"नाही."

"मग तो आहे कशावरून?"

हा प्रश्न मी स्वतः अनेक लोकांना विचारलेला आहे आणि विचारताना किती बरं वाटतं हेही मला माहीत आहे. समोर बसून मात्र तो पहिल्यांदाच ऐकत होतो. मी पिशवीतून क्रँक काढला आणि त्याच्या टेबलावर ठेवला. टेबल हललं. तो म्हणाला, "उचला हे, फायलीला तेल लागते." मी उचलला आणि नमस्कार न करता बाहेर आलो. चौदा वर्षांत कुठल्याही ऑफिसातून मी असा बाहेर आलो नव्हतो, आणि स्टेशनापर्यंत चालत जाताना मला मोठी मजा वाटली.

वाट काढली ती पटाच्या पंचांनी. किसनराव आंजीचे मोठे शेतकरी आणि पटाचे प्रमुख. त्यांना गर्दी हवी होती, आणि मोटरसायकली पळणार म्हटल्यावर आर्वीपासून माणसं येणार होती. ते म्हणाले, "परवानगी बैलजोडीची हाय नं? तं तुमची गाडी जोडी म्हून लिहू. दोन चाकं, दोन बैल. ओमप्रकाशचीबी तशीच. पन कायदा बैलाचाच लागन, हे ध्यानात ठेवजा."

मी छापील अर्ज भरला. रंग: हिरवा. शिंगे: दोन, मागे वळलेली. दात: हा रकाना मी बराच वेळ सोडला होता, शेवटी साखळीच्या चक्राचे मोजून लिहिले. गुरांच्या डॉक्टरांचा दाखला लागत होता. डॉक्टरांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि 'चारही पाय निरोगी' असं लिहून दिलं. पाय दोनच आहेत असं मी म्हणालो तर ते म्हणाले, "चारही हे छापलेलं आहे, ते मला खोडता येत नाही." या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटली.

पटाच्या दिवशी नाल्यापलीकडे कोणीच उभं नव्हतं. आमचा सगळा मोहल्ला, आंजीतली आमची माणसं, सगळे मैदानाच्या दोरीला लागून होते. चतुराबाई बंडीतून आल्या होत्या. ओमप्रकाशने गाडीला झेंडूचे हार घातले होते आणि चाकासमोर पाच नारळ फोडले. पाचवा फुटल्यावर सगळ्या मैदानाने माझ्याकडे बघितलं. मी खिशातून रुमाल काढला आणि गाडीची टाकी पुसली. तेवढंच करण्यासारखं होतं.  खुशालने रेसच्या मुठीवरचा स्क्रू पिळून घट्ट केला, म्हणजे एकदा रेस दिली की धक्क्याने मूठ सुटली तरी ती कमी होऊ नये.

कांता दोरीपाशी येऊन एवढंच म्हणाली, "समोर पाहा. मी हाय इथंच."

झेंडा पडला. मी रेस दिली आणि क्लच सोडला.

पुढचं मला जमिनीवरून दिसलं. झटका एवढा मोठा होता की गाडी माझ्या खालून निघून गेली आणि मी होतो तिथेच राहिलो, फक्त बसलेल्याचा आडवा झालो. डावा हात अंगाखाली आला आणि कटकन वाजला. स्क्रू घट्ट होता, त्यामुळे रेस कमी झाली नाही. माझी मोटरसायकल एकटी, सरळ, ताठ मानेने आंजीच्या पटावरून धावत गेली. ओमप्रकाश पुढे होता. त्याने बाजूला बघितलं, तर एक रिकामी गाडी त्याच्या बरोबरीला येत होती. त्याने ब्रेक लावला, गाडी थांबवली आणि हात जोडले. माझी गाडी चुन्याची रेघ ओलांडून, पंचांच्या खुर्च्यांना वळसाही न घालता, मागच्या कडब्याच्या गंजीत घुसली आणि बंद पडली.



मग किसनराव भोंग्यावर म्हणाले, "बैलाचा कायदा असा हाय, का धुरकरी पडला तरी जोडी रेघेपार गेली तं गेली. श्रावणबाबूची जोडी पास!"

जिंकलो होतो. मी उठलो, एक हात दुसऱ्या हाताने धरला आणि हसत गंजीकडे चालू लागलो. पण माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. सगळं मैदान गाडीकडे धावत होतं. मी पोचलो तोवर पुढच्या चाकाला कुंकू लागलं होतं, टाकीवर कोणीतरी फुलं ठेवली होती आणि एक म्हातारी हँडलची दृष्ट काढून बोटं मोडत होती. "बिनमानसाची धावली वो माय! कोनीतरी बसला होता तिच्यावर!" ओमप्रकाशने उरलेला सहावा नारळ आणून माझ्या चाकासमोर फोडला, आणि त्याचं पाणी माझ्या बुटांवर उडालं.

मी ओरडून सांगितलं की मुठीचा स्क्रू घट्ट होता. कोणी ऐकलं नाही. तेवढ्यात चतुराबाई डोळे पुसत पुढे आल्या, सीटखाली हात घातला आणि एक चेपलेलं लिंबू काढून सगळ्यांना दाखवलं. "बाबू रागावन म्हून म्या सांगतलं नाई. काल रातच्याले ठेवलं होतं. म्हून वाचला माह्या भाऊ!"

त्या खरंच रडत होत्या. माझ्यावर त्यांचं प्रेम आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला असा संताप आला की हाताचं दुखणं विसरलो. हरलो असतो तर नारळ जिंकणार होता. आता मी जिंकलो होतो, तरी नारळच जिंकला होता. सोळा दिवसांचं काम, खुशालचा कान, त्याची खराद, माझा झाडू, यातलं काहीच त्या गाडीत नव्हतं. होतं ते एक लिंबू.

मी गाडीवर चढून उभा राहिलो. "खुशाल, पाने आण!"

"काऊन बाबू?"

"इंजिन उघड. इथेच. सगळ्यांसमोर."

"तुमचा हात मोडला हाय."

"तुझा नाही मोडला. उघड."

खुशालने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा गर्दीकडे, आणि कडब्यावर पोतं अंथरलं. किसनराव म्हणाले, "बाबू, जिंकलेली जोडी कोनी कापते का?" मी म्हणालो, "किसनरावजी, ही जोडी नाही, मोटरसायकल आहे. आत कोण बसलंय ते गावाने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं." कांताने पदर फाडून माझा हात गळ्यात बांधला. भैयाजी मागे उभे राहून लोकांना सरका, सरका म्हणत होते, आणि प्रत्येक नट निघाला की त्याचं काम काय ते चुकीचं सांगत होते.

तासभर लागला. तेल वाहिलं, पोतं काळं झालं, बैलजोड्या ताटकळत राहिल्या, पण कोणी जागचं हललं नाही. शेवटी खुशालने क्रँक बाहेर काढला, आपल्या सदऱ्याने पुसला आणि उभा राहिला.

"हे पाहा," मी म्हणालो. "याच्याशिवाय आत कोणी नाही. वाटल्यास हात घालून बघा."

एका पोराने खरंच कोपरापर्यंत हात घालून बघितला आणि काळा हात दाखवून सांगितलं, "नाई. कोनी नाई."

खुशालने क्रँक पुढे धरला. समोर आंजीचा एक म्हातारा शेतकरी होता. मी त्याला ओळखत होतो. माझ्या बापाच्या ओंजळीत तो लांबून पाणी ओतायचा. तो थबकला. मग वजन किती आहे हे बघायचा मोह त्याला आवरला नाही. त्याने दोन्ही हात पुढे करून खुशालच्या हातातून क्रँक घेतला, तोलून पाहिला आणि बाजूच्याला दिला. त्याने पुढच्याला दिला. असा तो हातोहात फिरत सगळ्या मैदानाभोवती गेला. कोणी नखाने वाजवून पाहिला, कोणी डोळ्याजवळ नेला. चतुराबाईंनीही घेतला. लिंबू त्यांनी तेव्हा कमरेला खोचलं होतं, कारण क्रँकला दोन हात लागतात.

शेवटी तो किसनरावांकडे आला. त्यांनी तो बराच वेळ मांडीवर ठेवला.

"हे कोनं केलं?"

"म्या," खुशाल म्हणाला.

"आमच्या विहिरीवरचं इंजिन सालभरापासून बंद हाय. त्याचा क्रँक मोडला. नागपूरवाले म्हनते भेटत नाई. तुह्याच्यानं होईन?"

"होईन," खुशाल म्हणाला. "पन इंजिन आत कपारीवर बसवलं असन नं? माप घ्याले मले तुमच्या विहिरीत उतरावं लागन."

त्या विहिरीला आमच्यातल्या कोणाचा पोहराही कधी लागला नव्हता. किसनरावांनी क्रँककडे बघितलं, मग समोर बसलेल्या आपल्या भावकीकडे बघितलं. भावकीतल्या एकानेही डोळे वर केले नाहीत. सगळे आपापल्या हाताला लागलेलं तेल पुसत होते.

"मंग उतरजो," किसनराव म्हणाले. "उद्या सकायी येजो."

खुशालने क्रँक त्यांच्याकडून घेतला आणि माझ्याजवळ आला.  त्याने विचारलं, "बाबू, उद्या सुट्टी काहाडता का? दोघं जाऊ."

मी काढली. अर्ज न देता.